यंत्र घ्यावे, पण आधी त्याची नोंदवही घ्यावी



आपल्या शाळेच्या विज्ञान विभागासाठी जमिनीची कंपने मोजणारे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने मांडला आहे आणि त्यासाठी देणगीही देऊ केली आहे. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. प्रस्ताव स्तुत्य आहे, यात शंका नाही. पण आजवरची चर्चा बहुतेक 'कोणते यंत्र' आणि 'किती मोठे' याभोवतीच फिरली. 'कशासाठी' आणि 'सांभाळणार कोण' हे दोन प्रश्न मागेच राहिले.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी, सध्या पालक, आणि माझा पोटापाण्याचा व्यवसाय मोजमापाची यंत्रे दुरुस्त करण्याचा. त्या नात्याने चार शब्द लिहितो. मत आधीच सांगून टाकतो. यंत्र जरूर घ्यावे, पण लहान घ्यावे. ते सांभाळण्याची तरतूद त्याच ठरावात करावी. आणि शाळेशेजारी चाललेल्या खोदकामाचा प्रश्न या यंत्रावर न टाकता वेगळ्या वाटेने सोडवावा.

यंत्र हवे कशाला?

'हैदराबादला कुठे भूकंप होतो?' असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपले शहर जुन्या, कठीण ग्रॅनाइटवर वसलेले आहे आणि भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याचे मानले जाते. पण 'कमी धोका' या शब्दांवर किती विसंबावे, हे आपल्यापैकी अनेक घरांना वेगळे सांगायला नको. काचीगुडा, सुलतानबाजार, बरकतपुरा भागांतली कितीतरी मराठी घराणी मूळची लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणीकडची. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते आणि सोयरीक आजही तिकडचीच आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्या घरांत अजून विसरलेली नाही. गणेशविसर्जन आटोपून गाव झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या वेळच्या सरकारी नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होती. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत किल्लारीच्या लोकांना लहान धक्के वारंवार जाणवत होते. पण ते जवळून टिपणारे कायमचे केंद्र तिथे नव्हते. हैदराबादचे केंद्र तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून दूर. मोठा धक्का इतक्या अंतरावरही नोंदला जातो, बारीक धक्के मात्र जवळच्या यंत्रालाच ऐकू येतात. जवळ यंत्र असते तर भूकंप टळला असता किंवा आधी कळला असता, असे मी म्हणत नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणाकडे नाही. पण जमिनीखाली काय चालले आहे याची नीट नोंद तरी राहिली असती.

हाच धडा आपल्या शहरातही मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये बोराबंडा भागात जमिनीतून आवाज येऊ लागले, भांडी थरथरली, लोक रात्री रस्त्यावर बसले. धक्के अगदी किरकोळ होते. तरीही राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला त्यांचा छडा लावण्यासाठी आपली यंत्रे खास त्या वस्तीत नेऊन बसवावी लागली. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै या दोन्ही महिन्यांत हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला मुलुगु जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो हैदराबादेतही जाणवला. गंमत पाहा, किल्लारी आपल्या पश्चिमेला जितकी दूर, जवळजवळ तितकेच मुलुगुचे ते केंद्र ईशान्येला दूर. म्हणजे आपली शाळा दोहोंच्या मध्ये उभी आहे. तेव्हा 'हवे कशाला' या प्रश्नाचे उत्तर मुलांना नकाशावर बोट ठेवून देता येईल.

सोनाराचा काटा आणि धान्याचा काटा

आता निवडीकडे वळू. 'कंपनमापक' हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या जातीची यंत्रे येतात. सोनाराच्या काट्यावर ज्वारीचे पोते ठेवता येत नाही आणि पोत्याच्या काट्यावर नथ तोलता येत नाही. इथेही तसेच आहे.

पहिली जात मोठ्या वेधशाळांतल्या यंत्रांची. शंभर-सव्वाशे सेकंदांत एकदा होणाऱ्या संथ हेलकाव्यापासून सेकंदाला पन्नास वेळा होणाऱ्या थरथरीपर्यंत सगळे ती टिपतात. दुसऱ्या खंडातला भूकंपही त्यांना स्पष्ट दिसतो. पण ही यंत्रे फार नाजूक. खोलीचे तापमान थोडे बदलले, वाऱ्याची झुळूक लागली, हवेचा दाब बदलला, तरी त्यांची रेघ भरकटते. त्यांना खडकावर बांधलेला ओटा, बंद तळघर आणि जाणकार माणूस लागतो. किंमत लाखांत.

दुसरी जात त्वरणमापकांची. ही यंत्रे बारीक हालचालींकडे फारसे लक्ष देत नाहीत, पण प्रचंड हादऱ्यातही भान ठेवून नोंद करतात. याचे उत्तम उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा धरणात असे एक यंत्र बसवलेले होते. गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचलेला हादरा त्याने नोंदवला. अतिसंवेदनशील यंत्राची रेघ इतक्या जवळच्या हादऱ्यात कागदाबाहेर गेली असती आणि नेमका कामाचा भागच हरवला असता. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात याच्या अभ्यासात कोयनेची ती नोंद आजही जगभर वापरली जाते. यंत्र मोठे होते म्हणून हे साधले नाही. योग्य जातीचे यंत्र योग्य जागी, चालू स्थितीत होते, म्हणून साधले.

तिसरी जात जिओफोनची. एका डबीत लोहचुंबक, त्याभोवती नाजूक स्प्रिंगवर तरंगणारे तारेचे वेटोळे. जमीन हलली की डबी आणि चुंबक हलतात, वेटोळे जडत्वामुळे मागे राहते आणि तारेत वीज निर्माण होते. शाळेच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. बाजारातला साधा जिओफोन जमीन सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने हलली तर सुमारे २८ मिलिव्होल्ट देतो. त्याची मर्यादाही समजून घ्यावी. सेकंदाला साडेचार कंपनांपेक्षा संथ हालचाली त्याला हळूहळू ऐकू येईनाशा होतात. पण आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरांतले मध्यम धक्के आणि दूरचे मोठे भूकंप पाहायला तो पुरेसा आहे.

असा जिओफोन आणि छोटा संगणक एकत्र बसवलेली तयार यंत्रे २०१६ नंतर मिळू लागली. पनामा देशात तयार होणारे 'रास्पबेरी शेक' हे त्यांतले प्रसिद्ध नाव. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये शाळांसाठी जो कार्यक्रम झाला, त्यात पश्चिम नेपाळच्या २२ शाळांत अशीच स्वस्त यंत्रे बसवली गेली. तिथल्या शिक्षकांना आधी प्रशिक्षण देण्यात आले. मला वाटते, आपल्याला हीच जात योग्य. शाळेच्या खिशाला परवडते, बिघडले तर भाग मिळतात आणि झाकण उघडून मुलांना आत काय आहे ते दाखवता येते. लाखाच्या यंत्राचे झाकण मुलांसमोर उघडण्याची छाती कोणाची होईल?

मोबाइलमधल्या ॲपने काम भागेल, असेही एकाने सुचवले. मोबाइलमध्ये त्वरणमापक असतो हे खरे आणि टेबलावर हात आपटून आलेख पाहायला तो छान आहे. वर्गात जरूर वापरावा. पण दूरच्या धक्क्याची बारीक थरथर त्याच्या स्वतःच्याच खरखरीत बुडून जाते आणि मोबाइल काही एका जागी वर्षभर ठेवता येत नाही.

शेजारच्या खोदकामाचे काय?

हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. शाळेशेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खडक फोडणे चालू आहे. सुरुंग लागला की खिडक्यांची तावदाने वाजतात. जुन्या इमारतीच्या जिन्याजवळच्या भेगा वाढल्या, असे शिक्षकांना आणि काही पालकांना वाटते. 'यंत्र आले की त्यांना पकडता येईल' ही भावना समजण्यासारखी आहे. पण भूकंप ऐकायला घेतलेल्या शाळेच्या यंत्राने हे काम होणार नाही आणि तसा प्रयत्न केला तर आपलीच बाजू लंगडी पडेल.

कारण असे. जवळच्या सुरुंगाची कंपने फार जलद असतात. शाळेसाठी मिळणारी यंत्रे सेकंदाला शंभर नोंदी घेतात, सुरुंगाच्या यंत्राने हजाराहून अधिक घ्याव्या लागतात. सुरुंगाचे यंत्र उभ्या आणि दोन आडव्या अशा तीन दिशांनी मोजते, त्यातली एक दिशा स्फोटाकडे रोखलेली असते आणि हवेतला धक्का मोजायला सोबत मायक्रोफोन असतो. सेन्सर जमिनीत पुरून किंवा पक्का चिकटवून बसवावा लागतो. नुसता फरशीवर ठेवला तर जोराच्या हादऱ्यात तो स्वतःच सरकतो आणि भलताच आकडा देतो. शिवाय अशा यंत्राची वर्षातून एकदा प्रमाणित यंत्राशी तुलना करून दाखला घ्यावा लागतो. दाखला नसलेल्या यंत्राच्या आकड्याला समोरची बाजू एका वाक्यात उडवून लावेल.

मर्यादा किती, हेही पालकांना ठाऊक असावे. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा खाणींसाठी आहेत, पण इतरत्रही आधार म्हणून त्या पाहिल्या जातात. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील तर जमीन हलण्याचा कमाल वेग, कंपने ८ हर्ट्झपेक्षा संथ असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असल्यास १० आणि त्याहून जलद असल्यास १५. ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे आहेत. कंपने जितकी संथ तितकी मर्यादा कडक, हे लक्षात घ्या. इमारती स्वतः संथ लयीत डोलतात. त्या लयीशी जुळणारा धक्का त्यांना जास्त हलवतो.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी समजून घ्यावी. सेकंदाला अर्धा मिलिमीटरही नसलेले कंपन माणसाच्या शरीराला जाणवू शकते. म्हणजे भिंतीला इजा होण्याच्या खूप आधी आपल्याला भीती वाटते. ती भीती खोटी नाही, पण ती पुरावाही नाही. उलट भेगा ऊन, पाऊस, पाया खचणे यांनीही वाढतात, म्हणून प्रत्येक भेग सुरुंगाच्या माथी मारता येत नाही. आणि 'काही होत नाही हो' हे कंत्राटदाराचे म्हणणेही मोजमापाशिवाय पोकळच.

मग करायचे काय? परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे शाळेने लेखी मागणी करावी की, सुरुंग लावणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने मान्यताप्राप्त संस्थेकडून शाळेच्या पायाजवळ मोजणी करून घ्यावी, प्रत्येक स्फोटाची वेळ आणि आकडा शाळेला कळवावा आणि स्फोट शाळा सुटल्यानंतर करावेत. तोवर आपल्या हाती असलेले, अगदी स्वस्त यंत्र आजच वापरावे. प्रत्येक भेगेचा मोजपट्टी शेजारी धरून तारखेसह फोटो काढावा आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवून तिच्यावर तारीख लिहावी. भेग सरकली तर काच तडकते. जुने मिस्त्री हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. हे काम लगेच केले नाही तर पुढे वरातीमागून घोडे होईल.

दर्शनी भागात नको

एका विश्वस्तांची सूचना अशी की यंत्र प्रवेशदालनात, ट्रॉफ्यांच्या कपाटाशेजारी ठेवावे आणि मोठा पडदा लावावा, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांना दिसेल. पडदा जरूर तिथे लावावा. यंत्र मात्र तिथे ठेवू नये. प्रवेशदालनातून रोज शेकडो मुले धावतात. तिथे यंत्र पृथ्वीचे नव्हे, मधल्या सुट्टीचे आलेख काढील.

माणसांच्या वर्दळीचा जमिनीच्या कंपनांवर किती परिणाम होतो हे २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या जगाला दिसले. जगभरातल्या अडीचशेहून अधिक केंद्रांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा अनेक ठिकाणी माणसांमुळे होणारी जलद थरथर जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. त्या अभ्यासात शाळांत आणि घरांत बसवलेली लहान यंत्रेही सामील होती, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

आपल्याकडे योग्य जागा म्हणजे जुन्या इमारतीच्या मागची, तळमजल्यावरची साहित्याची खोली. बोअरच्या पंपापासून आणि जनरेटरपासून ती लांब आहे. वरच्या मजल्यावर मुळीच नको. तिथे जमिनीबरोबर इमारतीचे डोलणेही मोजले जाईल. फरशी पोकळ वाजत असेल तर तेवढी उखडून खाली घट्ट काँक्रीटचा छोटा ओटा करावा. यंत्र पातळीत, उत्तरेची खूण करून बसवावे आणि एकदा बसवले की झाडलोटीसाठीही हलवू नये.

मेन स्विचचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या शाळेत संध्याकाळी शिपाईकाका निघताना मेन स्विच बंद करतात. आगीच्या भीतीने घालून दिलेला हा नियम योग्यच आहे. पण कोयनेचा भूकंप पहाटे सव्वाचारनंतरचा. किल्लारीचा पहाटे चारच्या आतबाहेरचा. गुजरातमधला २००१ चा भूकंप २६ जानेवारीच्या सकाळचा, सुट्टीच्या दिवशीचा. मुलुगुचा सकाळी साडेसातच्या सुमाराचा. यांतला एकही शाळेच्या तासाला आलेला नाही. मेन स्विचबरोबर यंत्र बंद होणार असेल तर दिवसभर फक्त मुलांची पळापळ नोंदवून ते रात्री झोपी जाईल.

म्हणून यंत्राला स्वतंत्र, सुरक्षित वायरिंग हवे. त्यावर छोटी बॅटरी हवी आणि विजेच्या चढउतारांपासून तसेच पावसाळी कडकडाटापासून संरक्षण हवे. मे महिन्याच्या सुट्टीतही ते चालू राहिले पाहिजे. हा खर्च यंत्राच्या किमतीच्या पत्रकात कोणी दाखवत नाही.

सांभाळणे म्हणजे नेमके काय?

माझ्या धंद्यात मी अनेक शाळांच्या प्रयोगशाळा पाहिल्या. तिथे बंद पडलेली बहुतेक यंत्रे वापरून झिजलेली नसतात. ती न वापरता मेलेली असतात. उद्घाटनाचा फोटो भिंतीवर आणि यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. दारात हत्ती बांधणे सोपे, त्याला रोज चारा घालणे कठीण. कंपनमापकाचा चारा फार महाग नाही, पण रोज घालावा लागतो.

रोज एका विद्यार्थ्याने पाहावे की रेघ चालू आहे, घड्याळ बरोबर आहे आणि साठवण कार्डात जागा आहे. घड्याळाला इतके महत्त्व का? खडकातून पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते. आपली नोंद दुसऱ्या केंद्राशी ताडून भूकंपाची जागा काढायची तर एका सेकंदाची चूक म्हणजे सहा किलोमीटरची चूक. म्हणून उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून वेळ मिळते आहे ना, हे रोज तपासायचे.

आठवड्यातून एकदा ठरलेल्या खुणेवर, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या वजनाची वाळूची पिशवी टाकायची आणि आलेखाची उंची लिहून ठेवायची. पिशवी तीच, जागा तीच, उंची तीच. मग आकडा बदलला तर बदल यंत्रात झाला आहे असे समजायचे. या साध्या परीक्षेने सैल झालेली तार किंवा तिरके झालेले यंत्र लगेच कळते.

महिन्यातून एकदा मुंग्या, पाली, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, बॅटरीची स्थिती आणि गंज बघायचा. पावसाळ्यात ओल शोषणारी पुडी बदलायची. नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. वर्षातून एकदा जाणकाराला बोलावून दुसऱ्या, खात्रीच्या यंत्राशेजारी आपले यंत्र दिवसभर ठेवून दोन्ही आलेख जुळतात का ते पाहायचे.

आणि हे सगळे एका जाड, पाने क्रमांकित केलेल्या नोंदवहीत लिहायचे. कोणत्या दिवशी शेजारी रोलर चालला, कोणत्या दिवशी कवायत झाली, वीज कधी गेली, यंत्राला हात कोणी लावला. दोन वर्षांनी एखादी विचित्र रेघ दिसली तर तिचे उत्तर यंत्रात सापडणार नाही, नोंदवहीत सापडेल. म्हणूनच आधी नोंदवही घ्या, असे मी म्हणतो. पुढच्या महिन्यापासून तीन महिने आठवी-नववीची मुले यंत्राशिवायच ती नोंदवही चालवून दाखवोत. साहित्याच्या खोलीत कधी काय हादरते, पंप कधी सुरू होतो, जड वाहने कधी जातात, एवढेच लिहोत. नोंदवही टिकली तर यंत्र टिकेल. ती तीन आठवड्यांत बंद पडली तर देणगीचे पैसे ग्रंथालयाला द्यावेत, हे उत्तम.

शहरात एवढी मोठी संस्था असताना आपण का?

राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ पासून आपल्याच शहरात आहे. देशातले आणि बाहेरचे भूकंप ती नोंदवतेच. आपल्या यंत्राने तिच्या ज्ञानात मोठी भर पडेल, असा आव आपण आणू नये. आपला हेतू वेगळा आहे. नोंद म्हणजे काय, खूण आणि खरखर यांत फरक कसा करायचा आणि 'मला वाटले' व 'मी मोजले' या दोन वाक्यांत अंतर किती, हे मुलांनी हाताने शिकावे, एवढ्यासाठी हे यंत्र.

एक उदाहरण देतो. भूकंपाच्या दोन लाटा खडकातून वेगवेगळ्या वेगाने येतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर, दुसरी सुमारे साडेतीन. दोहोंच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटर दूर झाला ते ढोबळमानाने कळते. किल्लारीइतक्या अंतरावर धक्का बसला तर आपल्या रेघेवर हे अंतर सव्वीस-सत्तावीस सेकंदांचे दिसेल. कंपासने तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढायचे. लातूरच्या आजोळच्या गावावरून ते वर्तुळ जाताना पाहिलेले मूल भूगोल आणि गणित दोन्ही विसरणार नाही. आणि एका केंद्रावरून फक्त अंतर कळते, जागा कळायला आणखी दोन केंद्रे लागतात, हेही त्याच वर्तुळातून उमजते.

ठरावात काय असावे?

विश्वस्तांना माझी विनंती एवढीच. पुढच्या बैठकीतल्या ठरावात पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

एक, यंत्र भूकंपाच्या शिक्षणासाठी आहे. सुरुंगाच्या तक्रारीसाठी स्वतंत्र, दाखला असलेल्या यंत्राने मोजणी मागितली जाईल आणि तसे पत्र या आठवड्यातच जाईल.

दोन, देणगीतला एक तृतीयांश भाग बँकेत वेगळा ठेवून त्याच्या व्याजातून बॅटरी, दुरुस्ती आणि वार्षिक तपासणी होईल.

तीन, यंत्राची जागा, वायरिंग आणि ओटा तयार झाल्याशिवाय खरेदी होणार नाही.

चार, दोन शिक्षक जबाबदार राहतील. एकाची बदली किंवा निवृत्ती झाली तर दुसरा असेल आणि नव्याला शिकवूनच जुना मोकळा होईल.

पाच, नोंदवही दर सहामाहीला विश्वस्त मंडळासमोर ठेवली जाईल. हिशेबाच्या वहीवर जशी सही होते तशीच तिच्यावरही होईल.

देणगीदार तुकडीलाही सांगणे आहे. यंत्रावर तुमच्या नावाची पाटी लागेल, ती लागावीच. पण तुमच्यातल्या कोणी हैदराबादेत राहणाऱ्याने वर्षातून चार शनिवार शाळेला दिले, तर त्या पाटीपेक्षा मोठी देणगी होईल. साहित्याच्या खोलीची किल्ली आणि एक कोरी नोंदवही मुख्याध्यापकांकडे मागावी. सुरुवात तिथून होऊ शकते.